घराची ‘ऑन रोड’ किंमत छापा

कोल्हापुरात गाडी घ्यायला गेलेला माणूस शोरूममधल्या पाटीवरचा आकडा वाचून थांबत नाही. बुलेट असो नाहीतर स्कुटी, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ऑन रोड किती पडत्या?” विमा, पासिंग, टॅक्स, हँडलिंग, सगळं धरून. सेल्समनही मुकाट्यानं कागद ओढतो आणि बेरीज करून देतो. दीड-दोन लाखांच्या वस्तूला एवढी चिकित्सा करणारी हीच मंडळी ४० लाखांचा फ्लॅट बघायला जातात, तेव्हा जाहिरातीतल्या आकड्याला चिकटलेल्या बारीक चांदणीकडे ढुंकूनही बघत नाहीत. यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. गाडी त्यांची तिसरी असते, घर पहिलंच असतं. काय विचारायचं हे कळायला एकदा घेऊन झालेलं असावं लागतं, आणि बहुतेकांच्या नशिबी घर एकदाच येतं.

मी एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झाले. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळी पाडवा, यांच्या आधीचा रविवार आला की पेपरांची पानंच्या पानं घरांच्या जाहिरातींनी भरायची, आणि पुढच्या आठवड्यात तीच पानं घड्या घालून माझ्या टेबलावर यायची. आता टेबल सुटलं, पण पानं काही सुटली नाहीत. गल्लीतली, नात्यातली पोरं मोबाइल पुढं करतात नि म्हणतात, “काकू, आमचं ह्यात बसतंय काय बघा की.” असं बसवून बघता बघता माझं एक मत पक्कं झालंय. नव्या घराच्या जाहिरातीत सुरुवातीची किंमत ज्या अक्षरांत छापतात, त्याच आकाराच्या अक्षरांत किल्ली हातात पडेपर्यंतचा एकूण खर्च छापणं सक्तीचं करावं. घराची ऑन रोड किंमत. बाकी जलतरण तलाव, क्लब हाउस, इटालियन मार्बल काय छापायचं ते छापा.

आपल्याकडच्या जाहिरातीचं सगळं लक्ष हप्त्यावर असतं. ‘भाडं भरता तेवढ्यातच स्वतःचं घर’ ही ओळ मी वाचत आलेय तेव्हापासून कोल्हापुरातलं भाडं कितीतरी पटींनी वाढलं, ओळ तीच आहे. आणि हप्ता ही गोष्ट तरुण जोडप्याला कळते. तो गोकुळ शिरगावला नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत, ती एखाद्या लॅबमध्ये किंवा शाळेत. दोघांच्या पगारातून किती कापलं जाईल याचा हिशेब त्यांनी आधीच मांडलेला असतो. ती अडतात ती हप्त्यावर नाहीत. ती अडतात पहिल्या दिवशीच्या रोख रकमेवर, आणि त्या रकमेबद्दल जाहिरात एक अक्षर बोलत नाही.

एक बेरीज करून दाखवते. जाहिरात म्हणते, ‘प्रशस्त २ बीएचके ४० लाखांपासून, फक्त १० टक्के भरा’. म्हणजे ४ लाख जमले की झालं, असं जोडपं धरून चालतं. साइटवर गेल्यावर कळतं की ४० लाखांचा तो फ्लॅट पहिल्या मजल्यावरचा, मागच्या बाजूचा आणि विकला गेलेला आहे. वरच्या मजल्याचे जादा, पार्किंगचे जादा, वीज मीटर, ट्रान्सफॉर्मर, सोसायटी नोंदणी, वकील यांचे जादा. हे सगळं मिळून करार ४४ लाखांचा होतो. त्यावर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून ६ टक्के, म्हणजे २ लाख ६४ हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घराचा जीएसटी १ टक्का, म्हणजे ४४ हजार. एकूण झाले ४७ लाख ३८ हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, देखभालीची आगाऊ रक्कम, पंखे, पडदे, वास्तुशांतीचं जेवण मी यात धरलेलंच नाही.

आता बँक किती देणार? रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं; त्याच्या वर, ७५ लाखांपर्यंत, ८० टक्के. आणि घराची ‘किंमत’ धरताना मुद्रांक शुल्क नि नोंदणी त्यात मोजायची नाही. म्हणजे ४४ लाखांवर ३५ लाख २० हजार कर्ज. उरलेले १२ लाख १८ हजार पदरचे. जाहिरात वाचून ४ लाख जमवून आलेल्या माणसाला हे ऐकवण्याचं काम माझ्याकडे होतं.

“मॅडम, जाहिरातीत तर चारच म्हटलंय की ओ,” एकजण म्हणाला होता. शेजारी बसलेली त्याची बायको पेपर उलटा-सुलटा करत म्हणाली, “मी तर ही चांदणी बघितलोच न्हाई.” चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत होता: अटी लागू.

बिल्डर मंडळी म्हणतील, हे पैसे काही एकदम द्यायचे नसतात, बांधकामाच्या टप्प्यांनी द्यायचे असतात. खरं आहे. पण बँक आपला पहिला चेक काढण्याआधी ग्राहकाचा वाटा भरल्याच्या पावत्या मागते. म्हणजे पदरचे आधी, बँकेचे मागून. शिवाय ताबा मिळेपर्यंत राहत्या घराचं भाडं चालू आणि उचललेल्या कर्जाचं व्याजही चालू. ३५ लाख २० हजारांना ८ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण २९ हजार ४०० रुपये होतो. ‘भाड्याएवढा हप्ता’ कुठल्या भाड्याएवढा, हे तुम्हीच ठरवा.

मधली ही आठ लाखांची फट कशानं भरते ते मी पाहिलंय. आपल्याकडे पहिलं घर दोघं घेतात असं फोटोत दिसतं, खरं तर ते दोन्हीकडची घरं मिळून घेतात. कागल, राधानगरी, पन्हाळ्याकडच्या कुठल्याशा गावात वडिलांचा ऊस असतो, आईच्या म्हशी असतात. उसाचं बिल आलं की त्यातले काही, आईनं दहा दिवसांच्या दूधबिलातून मागं टाकलेले काही, बहिणीच्या भिशीतले काही. तेवढ्यानं भागलं तर छान. नाही भागलं तर सोनं तारण, आणि त्यानंही नाही भागलं तर पतसंस्था, गृहकर्जापेक्षा कितीतरी चढ्या व्याजानं. हे दुसरं कर्ज गृहकर्जाच्या अर्जात कुणी लिहीत नाही. हप्ता थकतो तो बहुधा इथून. घर परवडत नव्हतं असं नाही. पाच लाखांनी लहान घर घेतलं असतं तर सगळं रेषेत बसलं असतं. ते लहान घर निवडायला पूर्ण आकडा आधी माहीत हवा होता, टोकन दिल्यावर नव्हे.

पूर्ण आकडा आधी सांगण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते ऐकून बँकेतले लोकही चकित होतात. आपल्यासारख्या महानगर नसलेल्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंतचा कार्पेट एरिया आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर घर ‘परवडणारं’ धरतात, आणि १ टक्का जीएसटी लागतो. २०१९ च्या एप्रिलपासून हे दर आहेत. या ४५ लाखांत नुसता फ्लॅट येत नाही. पार्किंग, मजल्याचे जादा पैसे, बिल्डर लावेल ते सगळे आकार येतात. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ४४ लाखांत कुणी दीड लाखाचं आणखी एक पार्किंग घातलं की घर ४५ लाखांची वेस ओलांडतं आणि कर थेट ५ टक्के होतो. ४४ हजारांचे सव्वादोन लाखांच्या वर. दीड लाखाच्या पार्किंगपायी करातच एक लाख ऐंशी हजारांची भर! उलट भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार इमारत असेल तर जीएसटी नाहीच. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला तयार घर ‘महाग’ आणि बांधकाम चालू असलेलं ‘स्वस्त’ वाटतं, ते दोन अपुऱ्या आकड्यांची तुलना केल्यामुळं.

बायकांच्या सवलतीचंही तसंच. महाराष्ट्रात घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, २०२१ पासून. आमच्या उदाहरणात ४४ हजार रुपये. पण नवरा-बायको दोघांची नावं लावली की ती सूट जाते. खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच असाव्या लागतात. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो, त्याला अडचण नाही. हे मी सांगायची तेव्हा बरोबर आलेले सासरे हमखास विचारायचे, “म्हणजे नुसतं हिच्याच नावावर?” मग थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. ४४ हजारांवर पाणी सोडून दोघांची नावं लावलेली जोडपी मी कितीतरी पाहिली. ज्याचा त्याचा निर्णय. पण आठ मार्चला गुलाबी रंगात ‘ती’च्या घराच्या जाहिराती करणाऱ्यांनी ही एक ओळ छापली तर त्या गुलाबी रंगाला काही अर्थ येईल.

आणि सरकारी अनुदान. प्रधानमंत्री आवास योजनेतलं २ लाख ६७ हजारांचं व्याज अनुदान एके काळी शहरातल्या प्रत्येक होर्डिंगवर होतं. ती योजना ३१ मार्च २०२२ ला बंद झाली. आकडा मात्र काही फलकांवर पुढं बरेच दिवस उन्हात वाळत राहिला. आता योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२४ पासून, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार आहेत, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. अटी अशा: वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, आणि कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. ४४ लाखांच्या घराला यातला एक रुपया मिळत नाही. तरी ‘शासकीय अनुदानाचा लाभ’ असं जाहिरातीत लिहिणं ही थाप आहे, आणि थाप मारायला चांदणीची आड नको.

नमुना फ्लॅटबद्दल थोडक्यात. तो बघायला जाताना टेप घेऊन जा. आतली दारं काढलेली असतात, पलंग मुद्दाम लहान करून घेतलेला असतो, एका भिंतीला आरसा असतो. या खोलीत आपलं लोखंडी कपाट नि आईची दिवाणखाट मावेल का, एवढंच मोजा. विक्री आता कार्पेट एरियावर करायची असा कायदा आहे, तरी ‘सेलेबल’, ‘सुपर बिल्टअप’ हे शब्द बोलण्यातून अजून गेलेले नाहीत.

पैशांनंतर पाणी. कोल्हापुरात घर विकताना पाण्याबद्दल दोन प्रश्न येतात, नळाला किती येतं आणि पुराला कुठवर येतं. पहिल्याबद्दल जाहिराती उत्साहानं बोलतात. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत शहरात आली, तेव्हापासून ती माहितीपत्रकांतही आली. शहराच्या हद्दीबाहेरच्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकांतसुद्धा. कळंबा, पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी या गावांत बांधलेल्या इमारतीही जाहिरातीत ‘कोल्हापूर’ एवढ्याच पत्त्यानं येतात. हद्दवाढीचा वाद कितीही जुना असो, विकणाऱ्यांनी ती केव्हाच करून टाकलीय. घर गावठाणाला लागून घ्यावं, चांगली हवा असते, शाळा वाढल्यात, मला काही आक्षेप नाही. फक्त कर कुठं भरायचा, पाणी कोण देणार आणि कचरा कोण उचलणार, हे पत्त्यावरून कळलं पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाला जाहिरात बगल देते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट. हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. जयंती नाल्याच्या फुगीनं शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कातल्या तळमजल्यांचं काय झालं, शिरोलीजवळ महामार्ग कसा दिवसच्या दिवस बंद राहिला, हे जुन्या कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही. तो इमारत बघायला गेला की पार्किंगच्या खांबावर हात ठेवून वॉचमनला विचारतो, “एकोणीसला कुठवर आलतं?” पण पहिलं घर घेणारे सगळे जुने कोल्हापूरकर नसतात. कोकणातून बदलून आलेले, बेळगावकडचे, सीमाभागातले, नोकरीसाठी मराठवाड्यातून आलेले. आणि आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्यावर सहा जिल्ह्यांतले तरुण वकीलही. या माणसाला ‘रिव्हर व्ह्यू’चा अर्थ कोण सांगणार?

पूररेषा काही गुपित नाही. पाटबंधारे खात्याची निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी. निळ्या-लालच्या मध्ये जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घेण्यासारख्या अटींवर परवानगी. म्हणजे निळ्या-लालच्या मधली इमारत बेकायदा नसते, पण पावसाळ्यात तिथं घरात पाणी न येताही तुम्ही घरात अडकून पडू शकता. दूध संपलेलं, लिफ्ट बंद, गाडी कुठल्या तरी उंचवट्यावर लावलेली. हे माहीत असूनही कुणी ते घर घेईल, कारण दर कमी असेल, ऑफिस जवळ असेल. घेऊ द्या की. माहीत नसताना घ्यायला लावू नका. जाहिरातीत एक ओळ: इमारत कुठल्या रेषेच्या आत वा बाहेर. ऑन रोड किमतीत मी हेही धरते, कारण पहिल्या पुरानंतर बुडालेल्या गाडीचा खर्च हा घराचाच खर्च असतो.

कायदा यात अगदीच हातावर हात ठेवून बसलेला नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचं बारावं कलम म्हणतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याचं नुकसान झालं तर भरपाई मिळते, आणि बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत मिळतात. तेराव्या कलमानुसार करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेरानं ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, आणि २०२५ मध्ये नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ नि कोड बारीक करून कोपऱ्यात दडवू नका, असं बजावलं. चुकलं तर ५० हजारांपर्यंत दंड. म्हणजे जाहिरातीत काय छापायचं आणि किती मोठं छापायचं, हे सांगण्याचा अधिकार महारेरा वापरतं आहेच. त्यात आणखी दोन ओळी घालायला नवा कायदा लागत नाही. ऑस्ट्रेलियात ग्राहक कायद्यानंच जाहिरातीतली किंमत ठरवता येण्याजोगे कर-आकार धरून एका आकड्यात सांगावी लागते. तिथले बिल्डर काही धंदा बंद करून गेलेले नाहीत.

एका बांधकाम व्यावसायिकाशी मी यावरून भांडले होते. भला माणूस, वीस-पंचवीस फ्लॅटच्या इमारती बांधतो, दिलेल्या तारखेला ताबा देतो. त्याचं म्हणणं असं: “मी ४७ छापले आणि शेजारच्यानं ४० छापले, तर माझ्या साइटवर कुत्रंसुद्धा येणार नाही.” बरोबर आहे, म्हणून तर सक्ती हवी, सगळ्यांना एकाच दिवसापासून. दुसरं म्हणणं: मुद्रांक शुल्क ग्राहकागणिक बदलतं, कर सरकार बदलतं, मी कसा छापू? तारीख टाकून छाप. पुरुषाच्या नावावर एवढे, स्त्रीच्या नावावर एवढे. शोरूमवाला विम्याचा दर बदलला म्हणून ऑन रोड सांगायचं सोडतो का? तिसरं म्हणणं त्यानं केलं नाही, मीच केलं: टोकन देऊन, हातापाया पडून जमवाजमव करून, शेवटी बँकेत गाडी अडल्यामुळं रद्द होणारी बुकिंग्ज त्यालाच महागात पडतात. फ्लॅट दोन-तीन महिने अडकून राहतो, आणि रागानं गेलेलं गिऱ्हाईक तालमीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत बोलत सुटतं. कोल्हापुरात घरं जाहिरातीपेक्षा तोंडी जास्त विकली जातात, हे त्याला माझ्याहून बरं माहीत आहे.

आदेश यायचा तेव्हा येवो. तोवर क्रिडाईच्या ‘दालन’सारख्या प्रदर्शनात हे करून बघायला काय हरकत आहे? प्रत्येक स्टॉलवर एक फळा, त्यावर एका प्रत्यक्ष विक्रीला असलेल्या फ्लॅटची बेरीज. मजकूर मी लिहून देते, फुकट:

‘२ बीएचके, तिसरा मजला, कार्पेट इतके चौरस फूट. करार ४४ लाख, पार्किंगसह. मुद्रांक, नोंदणी, जीएसटी धरून ४७ लाख ३८ हजार. फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास ४६ लाख ९४ हजार. त्यापैकी साधारण १२ लाख स्वतःचे लागतील. इमारत लाल पूररेषेबाहेर. पाणी: महापालिकेचं.’

एवढ्यासाठी जलतरण तलावाचा फोटो दोन बोटं लहान करावा लागेल.